स्कॉटलंड वेगळं होऊ न देणारे काका

शनिवार, चौदा जून. स्थळ: आमचं घर, शुगर लँड, टेक्सास. हजर: मी, आमचे हे, आमची मुलगी, नागपूरचा निखिल, त्याची बायको आणि शेजारचे काका. गैरहजर: निखिलच्या बायकोने आणायची कबूल केलेली कोशिंबीर.

ब्रिटन आज एकसंध आहे ते शुगर लँडमधल्या या काकांमुळे, असं मी ठामपणे म्हणू शकते. स्कॉटलंडच्या ॲबर्डीनला समुद्रातल्या तेलविहिरींवर वीस वर्षं काढून ते इथे आले, रिटायर झाले, काकू गेल्या; पण स्कॉटलंडची काळजी काही सुटली नाही. तिथल्या पार्लमेंटने किती कर्ज काढायचं हे लंडन ठरवतं. ती मर्यादा वाढवू नये, आणि स्वातंत्र्य तर मुळीच देऊ नये, असं काकांचं म्हणणं. त्यांना विचारलेलं कोणीच नाही. मतदान तिथे राहणाऱ्यांचं, म्हणजे त्यांच्या मुलीचं. आणि ती स्वातंत्र्याच्या बाजूची. दर शनिवारी बापलेक फोनवर यावरून भांडतात. कुठलाही विषय काढा, काका त्याला स्कॉटलंडला नेऊन सोडतात. माझ्याकडे इडलीपात्र मागायला आलेल्या बाईंना ते म्हणाले होते, "न्या, पण उसनं घ्यायची सवय लागते." आमच्या मुलीने गाडीत पेट्रोल भरायला क्रेडिट कार्ड घेतलं. "काका, इट्स जस्ट फॉर गॅस!" "सगळ्यांची सुरुवात अशीच होते," काका म्हणाले. समोरच्या ट्रकवर टेक्सास वेगळं करा असं स्टिकर आहे, त्याचं मात्र त्यांना काही वाटत नाही. ते ट्रकपुरतं आहे म्हणतात.

त्या दिवशी निखिलने जेवताना खोडी काढलीच. "काका, मग आमचा विदर्भ? तोही नको का यार?"

"तुझा घराचा हप्ता किती वर्षं आहे?"

"तीस."

"मग तू बोलू नकोस."

मी श्रीखंड वाढत होते, तेवढ्यात काकांच्या मुलीचा फोन आला. काकांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकरवर. "बाबा, खालची खोली बांधून झाली. जिना नाही, बाथरूम लागूनच. आता गुडघ्यांचं कारण चालणार नाही. या इकडे राहायला."

"पैसे कुठून आणलेस?"

"लोन काढलं."

आम्ही सगळ्यांनी ताटात पाहिलं. काका दहा मिनिटं व्याजाच्या दरावर बोलले. मग म्हणाले, "आणि उद्या तुमचं स्वतंत्र झालं, चलन बदललं, तर?"

"तरी खोली इथेच राहील ना, बाबा."

काकांनी वाटीतलं श्रीखंड शेवटपर्यंत संपवलं. "खिडकी कुठल्या बाजूला आहे?"

"समुद्राच्या."

"वारा येईल," ते म्हणाले. नापसंतीनेच म्हणाले असावेत.

निघताना दारात थांबून मला म्हणाले, "अगं, तू सगळ्यांची तिकिटं काढतेस. माझंही बघून ठेव."

"एकेरी की परतीचं?"

"विचार मला सोमवारी."

त्यानंतर तीन सोमवार गेले. त्या दिवशी मी लिहून ठेवलेल्या कामांच्या यादीतलं बाकी सगळं झालं, निखिलकडचा डबासुद्धा परत आला. एक ओळ तेवढी राहिली आहे: काका, एकेरी की परतीचं, विचारणे. रोज सकाळी ते कुंपणापलीकडे काकूंच्या मोगऱ्याला पाणी घालत असतात. मी हात करते आणि आत येते.