सलोखा नावाची बाई

कासाच्या आठवडी बाजारात मी लहान मुलींचे फ्रॉक दोरीवर टांगत होते, तेव्हा कैनाडकडून आलेला जीपचा ड्रायव्हर माझ्या दुकानापुढे येऊन उभा राहिला आणि फ्रॉकांकडेच बघत राहिला. मग म्हणाला, "सोनकीबाय गेली. पहाटे छातीत कळ आली न् गेली." मी त्याला चिडून म्हटलं की काहीही काय बोलतोस, दुपारी ती इथे चहाला येणार आहे... कसलं उत्तर हे! पण तोंडातून तेच निघालं. त्याला आता काही आठवडे झाले. लिहायला बसले तर रडू कमी येतंय आणि हसूच जास्त, आणि तिलाही ते चाललं असतं.

आमची ओळख झाली तीच भांडणातून. २०१४ साल असेल. भाचीसाठी फ्रॉक घ्यायला आली आणि शिवण कच्ची आहे म्हणून माझ्याशी अशी हुज्जत घातली की चार बायका गोळा झाल्या. मीही काही कमी नाही. शेवटी फ्रॉक घेतला, दुकानातच फतकल मारून बसली आणि जमलेल्या त्या बायकांना माझे फ्रॉक खपवायला लागली, तीच शिवण कशी पक्की आहे हे सांगत! तुम्ही कुठल्या, असं तिनं विचारलं. डहाणूची, मशिदीमागच्या गल्लीतली, असं मी सांगितल्यावर म्हणाली, "मंग येते तुमच्याकडं. मशीद जवळून कधी बघितली नाय." मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलली. पुढच्याच आठवड्यात शेजारणींना घेऊन दारात हजर. माझ्या सासूबाईंनी आधी तोंड वाकडं केलं आणि संध्याकाळी त्यांना सोडायला स्टँडपर्यंत गेल्या. पुढे ईदला कैनाडच्या बायका आमच्याकडे आणि वाघबारशीला, त्यांच्या वाघदेवाच्या सणाला, आमची गल्ली कैनाडला, हे ठरूनच गेलं.

या येण्याजाण्याचा बोलबाला झाला आणि बाहेरच्या एका संस्थेनं तलासरीत 'सर्वधर्म सलोखा मेळावा' घ्यायचं ठरवलं. माणसं गोळा करायचं काम सोनकीकडे. ती पाड्यापाड्यावर सांगत फिरली की सलोखा मेळाव्याला या. लोक विचारायचे, सलोखा कोण? साहेब आहे का? दिवस निवडणुकीचे होते, त्यामुळे एका पाड्यावर तर सलोख्याची निशाणी कोणती म्हणून विचारलं! शांततेसाठी मेळावा आहे असं समजावलं, तर भांडण कुठं झालं म्हणून लोक घाबरले. मंडपात खुर्च्या जास्त आणि माणसं कमी. त्या दिवसापासून सोनकीचं नाव सलोखाबाय पडलं, आणि तिनं मात्र एक गोष्ट कायमची ठरवून टाकली. म्हणाली, "नसीमबाय, बोलवून लोक येत नायत. कामाला येतात." मग तिनं सभा हा शब्दच टाकला. कुणाची भाताची आवणी, कुणाचा लग्नाचा मांडव, तिथे ती दुसऱ्या धर्माची, दुसऱ्या गावची माणसं कामाला घेऊन जायची. हात चिखलात असले की माणूस नीट बोलतो, असं तिचं म्हणणं.

आणि मग तिच्या स्वतःच्या माहेरावरच आलं. तलासरीच्या डोंगराकडच्या पाड्यावर तिचा एकुलता भाऊ बारक्या राहायचा. बायकोच्या आजारपणात तो ख्रिस्ती लोकांच्या रविवारच्या प्रार्थनेला जायला लागला, आणि त्या वर्षी गावदेवाचा प्रसाद त्यानं घेतला नाही. पाड्याचे वडीलधारे नवसूकाका भडकले. बारक्याच्या कामाला कुणी जायचं नाही, त्याच्या घरचं पाणी प्यायचं नाही, असं ठरलं. मे संपत आला तरी त्याचं घर शाकारायला एक हात मिळेना. कौलं उतरवून पुन्हा लावायची हे काय एकट्याचं काम आहे? बारक्या घर मोडून वापीला कंपनीत जायच्या गोष्टी करू लागला. एरवी दुसऱ्याची भांडणं हसत मिटवणारी ही बाई माझ्या दुकानात बसून रडली. "तो गेला की मना माहेर नाय, बाय," एवढंच म्हणाली. मला फार वाईट वाटलं, आणि त्या नवसूकाकांचा असा संताप आला की काय सांगू.

तिनं मला फक्त आमच्या गल्लीतले रिक्षावाले घेऊन ये म्हणून सांगितलं. नवसूकाकांच्या मुलाचं घर शाकारायचंय, म्हाताऱ्याला जरा खूश करू, मग भावाचा विषय काढू. मुलाचं नावही बारक्याच. आम्ही पोचलो, सोनकी अजून यायची होती. बारक्याचं घर कुठलं म्हणून एका म्हातारीला विचारलं, तिनं हात केला आणि आमचे शूरवीर वर चढले. सोनकी आली तोवर निम्मं छप्पर उघडं... आणि घर तिच्या भावाचं! वर आभाळ भरलेलं. नवसूकाका तरातरा आले. मला वाटलं, आता काठ्या निघणार. पण ते नुसते वर बघत राहिले. आमच्या रिक्षावाल्यांनी जन्मात कौल लावलं नव्हतं. एक ओळ उताणी आणि तिच्यावर दुसरी पालथी, हे त्यांना कुठलं ठाऊक? त्यांनी सगळीच कौलं पालथी घालायला सुरुवात केली. काकांच्या कपाळावरची शीर उडायला लागली. एक ओळ बघितली, दुसरी बघितली, तिसरीला त्यांच्यानं राहवेना. "उतरा खाली, घराचा नास केला," म्हणत म्हातारा शिडीवर! मग मुलालाही हाक मारली, त्याच्यामागे आणखी दोघे आले. दुपारी उशिरा छप्पर पुरं झालं.

आता जो घरावर चढेल त्यानं त्या घरचं जेवायचं, ही तिकडची रीत. नाही जेवला तर घराला अपशकुन. काका वरच बसून राहिले. खाली उतरले तर घरात जेवावं लागेल, तसेच गेले तर रीत मोडेल. बारक्याची बायको भाकर आणि सुकटीचं कालवण टोपलीत घेऊन दारात उभी, डोळे भरलेले. सोनकीनं पदर खोचला, टोपली डोक्यावर घेतली आणि शिडी चढून काकांच्या पुढ्यात ठेवली. काका जेवले. पाणीही प्यायले. उतरल्यावर जमलेल्या लोकांना त्यांनी बजावलं, "घरात नाय जेवलो. घरावर जेवलो." कुणी हसलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून पाडा बारक्याशी बोलायला लागला. परत येताना जीपमध्ये मी तिला खोदून विचारलं, हे खरंच चुकून झालं का गं? ती म्हणाली, पाड्यात दोन बारक्या आहेत, त्याला मी काय करू! आणि कासा येईपर्यंत हसत होती.

तिच्या दिवसकार्याला मी कैनाडला गेले. नेमका रविवार आला होता. माहेरच्यांनी लुगडं ठेवल्याशिवाय कार्य सुरू होत नाही. त्यांच्या पाड्यावरची जीप सकाळीच आली होती आणि नवसूकाका आंब्याखाली लुगडं मांडीवर घेऊन बसले होते. सोनकीचा दीर दोनदा येऊन म्हणाला की माहेर तर आलंय, ऊन चढतंय, सुरू करू. काकांनी लुगडं काही सोडलं नाही.

"माहेर अजून यायचं हाय," ते म्हणाले. "बारक्याची प्रार्थना सुटू दे."

मग आम्ही सगळे तिथेच, आंब्याखाली बसून राहिलो.