कारबाइड नाकारणारे मामा

गिऱ्हाईक दुकानात शिरलं की आमचे कारबाइडमामा 'या, बसा' म्हणत नसत. थेट विचारत, "मागचा चुना कुठी हाय?"

बोथ गावच्या बाजारात वेल्डिंगचं कारबाइड विकायचा परवाना एकट्या मामांकडे होता. कारबाइड पाण्यात पडलं की गॅस निघतो आणि खाली ओला चुना उरतो. खरा वेल्डर तो डब्यात घालून आणायचा. ज्याच्याकडे चुना नाही, तो माल आंबे पिकवायला नेणार, हे मामांनी पक्कं ठरवलेलं. नवा वेल्डर आला तर सायकल काढून त्याची गॅसची टाकी बघून येत. असला नियम कुठल्याही कायद्यात नव्हता. तो मामांचा होता.

त्याचं कारण आम्हीच. मी शेजारच्या घरात वाढले. एका उन्हाळ्यात पिवळेधमक आंबे खाऊन आम्हा भावंडांची तोंडं आली, उलट्या थांबेनात. मामा बघायला आले आणि उंबऱ्यातच बसले. "माह्याच दुकानातलं गेलं असन," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून चुन्याचा नियम सुरू झाला.

मोसमात फळांचे व्यापारी येऊन हिंदीत गोड गोड बोलत. मामा ढिम्म हलत नसत. तपासणीच्या साहेबांनीही समजावलं, परवाना आहे तर बिनधास्त विका, पुढे कोण काय करतो ते तुम्ही कशाला बघता. मामा म्हणाले, "साहेब, कागद तुमचा हाय. पन डबा माह्या हातून जाते."

शेवटी एका बड्या आंबेवाल्याने मामांचं भाड्याचं दुकानच विकत घेतलं. म्हणाला, कारबाइडचे दोन ड्रम द्या, नाहीतर जागा खाली करा. मामांचं वय पासष्ट, दुसरा धंदा येत नव्हता. मामी रडल्या. मामांनी उरलेला माल वेल्डरांत वाटला, परवाना कचेरीत परत केला आणि चावी त्या आंबेवाल्याच्या हातात ठेवली. "दुकान घ्या, शेठ. पोरायले जहर द्याले माहं नाव भेटत नाही."

मामा लेकीकडे वांकिडीला गेले आणि दोन वर्षांत वारले. शेठचा धंदा मात्र जोरात आहे, याचा मला आजही संताप येतो.

मी आता सरकारी शाळेत शिकवते. परवा याच शेठने मुलांसाठी आंब्याच्या पेट्या दान म्हणून पाठवल्या, सोबत फोटो काढायला माणूस. मी पेंढा उपसला तर तळाशी कारबाइडच्या राखाडी खड्यांच्या पुड्या. सगळ्यांसमोर पेट्या मुलांपासून लांब काढून ठेवल्या आणि पुडीसकट लेखी तक्रार दिली. हेडमास्तर म्हणाले, मॅडम, बदली होईल.

होऊ दे. जिथे पाठवतील तिथेही मी पेट्या उघडूनच बघणार आहे.