बस फुकट झाली, टेम्पो बंद झाला

माझी अक्का गुलबर्ग्याच्या एका डाळ मिलमध्ये तूर निवडायची. तिच्या मजुरीवर मी शिकलो आणि त्याच शहरात प्राध्यापक झालो. ती मात्र गावातच राहिली. रोज सकाळी मिलचा टेम्पो येऊन गावातल्या बायकांना घेऊन जायचा.

बायकांना सरकारी बस फुकट झाली, तेव्हा आमची ही शहाणी अक्का साखर घेऊन मालकाकडं गेली. घरात चांगलं काही घडलं की आधी मालकाला सांगायचं, ही आमच्याकडची जुनी खोड. मुलगा पास झाला, सून बाळंत झाली, पहिली साखर मिलमध्ये. "अप्पा, आता आमाला तिकीट न्हाई बघा," ती म्हणाली. अप्पांनी साखर खाल्ली, तोंड पुसलं आणि सोमवारपासून टेम्पो बंद केला.

बस आमच्या फाट्यावर येते तेव्हा आत पाय ठेवायला जागा नसते. बायका दिसल्या की ड्रायव्हर वेग वाढवतो. इकडे नऊच्या ठोक्याला मिलचं फाटक बंद. अक्का तीनदा हात हलवत परत आली. आणखी एकदा उशीर झाला तर तुझ्या जागी दुसरी बसवीन, असं मुकादमानं बजावलं.

"तुझी अप्पाशी वळख हाय. टेम्पोचं जरा बोल की," ती मला म्हणाली. मी हो म्हणालो.

संधी चालून आली. आमच्या कॉलेजात अप्पांचं व्याख्यान ठरलं. विषय, स्वावलंबन. सरकारी सवलतीच्या जागेवर मिल उभारलेला, स्वतःच्या दारापर्यंत सरकारी डांबर ओतून घेतलेला हा गृहस्थ तासभर सांगत होता की फुकट दिल्यानं माणूस आळशी होतो. मला किळस आली. प्राचार्य मान डोलवत होते.

चहाच्या वेळी मी विषय काढला. "सर, सरकार न्यायलंय की त्यांना," अप्पा हसून म्हणाले. "मी कामून परत न्यायचं?"

सरकारनं बायकांना दिलेलं यानं स्वतःच्या डिझेलमध्ये वाचवलं होतं, हे तोंडावर सांगायला हवं होतं. पण कॉलेजच्या नव्या इमारतीला त्यांची देणगी यायची होती. मीही हसलो. इतका भ्याड मी आधी कधी नव्हतो.

संध्याकाळी अक्काचा फोन आला. सकाळी पुन्हा फाटक बंद झालं होतं आणि तिच्या जागी शहरातली बाई बसली होती.

"तू बोललास का अप्पाशी?"

"बोललो," मी म्हणालो. आभाराचं भाषण माझ्याकडंच होतं. चांगली पाच मिनिटं बोललो होतो.