सगळीकडे दहा वाजून दहा मिनिटं

मखमलाबादच्या नवसाबाई नाशिकच्या बाजारात झेंडूची फुलं विकायच्या. कुणावर चटकन विश्वास ठेवणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. १९९८ साली लेक दीपमाला नर्स झाली, तेव्हा तिला घड्याळ घ्यायला दोघी मेन रोडवरच्या एका दुकानात गेल्या.

काचेच्या कपाटातल्या सगळ्या घड्याळांत दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. भिंतीवरच्या जाहिरातीतही तेच. नवसाबाईंनी लेकीला कोपर मारलं. "सगळी बंद पडल्यात. पाण्यात भिजलेला माल दिसतोय."

दुकानदाराच्या कानावर ते गेलंच. "मावशी, सेल वाया जाऊ नये म्हणून बंद ठेवतो. आणि काटे असे पसरले की कंपनीचं नाव मोकळं दिसतं."

"बोलाया काय जातंय? फिरवून दावा."

त्याने एका घड्याळात बारा वाजवले. दोन्ही काटे नावावर चढले. मग त्याने आठ वाजून वीस मिनिटं केली.

"रडवेलं दिसतंय," दीपमाला म्हणाली.

"म्हणून हसरं ठेवतो," दुकानदार म्हणाला.

टवटवीत झेंडू नवसाबाईही पाटीत वरच मांडायच्या. "म्हंजी गिऱ्हाइकाला भुलवायलाच ना? मग तर नीटच पारखाया पायजे."

त्यांनी ते घड्याळ चालू करायला लावलं आणि स्टुलावर बसून दुकानातल्या मोठ्या घड्याळाशी तासभर ताडून पाहिलं. दुकानदाराने मागवलेल्या चहालाही त्यांनी हात लावला नाही. मिनिटाचाही फरक पडला नाही, तेव्हा कुठे त्यांनी ते स्वतःच्या हाताने लेकीच्या मनगटावर बांधलं.