बाहेर पडल्याची नोंद

कारखान्यात स्फोट झाला तेव्हा मी हजेरी विभागात होतो. आत कोण होतं ते कळावं म्हणून मी सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा स्फोटाच्या वेळेशी ताडून पाहिल्या आणि आधीच बाहेर पडलेल्यांची नावं गाळली. यादीतले सगळे सापडल्यावर शोध थांबला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सदाशिव फिटरची बायको खिडकीशी आली. “भाऊ, हे घरी आले नाहीत.”

“वहिनी, ते आधीच बाहेर पडल्याची नोंद आहे.”

“मग बाहेर आहेत कुठं?”

मागे उभा असलेला पहारेकरी खाली मान घालून म्हणाला, “आवाज ऐकून परत आत धावले होते ते.”

येणं आणि जाणं, एवढेच रकाने होते माझ्याकडे. दुसऱ्यासाठी मागे फिरलेल्या माणसाला त्यांत जागाच नव्हती.

ढिगारा पुन्हा उपसला, तेव्हा त्यांचा देह सापडला. डॉक्टर म्हणाले, त्या दिवशी सकाळपर्यंत जिवंत असावेत.