मिठाची वाटी

रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या मराठी घरांत पंगत बसली की मीठ गौतमने वाढायचं, हे कित्येक वर्षांपासून ठरलेलं आहे. मुंज असो, महालक्ष्म्यांचं जेवण असो, नाहीतर तेरवी. गौतम पायजमा घोट्याच्या वर दुमडतो, आईचं नाव कोरलेली स्टीलची वाटी डाव्या हातात धरतो आणि पहिल्या पानापासून सुरुवात करतो. पानाच्या वरच्या टोकाला, बरोबर मधोमध, एक लहान चमचा मीठ. मग पुढचं पान. त्याला घाई केलेली चालत नाही. मध्येच कुणी बोलायला लागलं, तर तो त्या पानापाशी थांबून राहतो.

तो आता सत्तेचाळीस वर्षांचा आहे. डॉक्टरांनी त्याच्या कागदावर मतिमंद लिहिलं, पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, लोकांनी पगला म्हटलं, आणि तिसरीतल्या बाईंनी, पुढच्या वर्षी याला पाठवू नका, असा निरोप दिला. त्याची आई, पद्मिनीबाई, एक दिवस रडली. दुसऱ्या दिवशी तिने अंगणात वीस पत्रावळ्या मांडल्या आणि वाटीत रेती भरून ती लेकाच्या हातात दिली. तीन महिने त्या अंगणात रोज रेती वाढली गेली. एक तरी काम याच्याशिवाय अडलं पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं होतं.

अडायला लागलंही. वाढताना लोक त्याला देवमाणूस म्हणत. जेवणं झाली आणि फोटोची वेळ आली, की हाच देवमाणूस जरा बाजूला उभा असलेला बरा वाटे. निरोप यायचा तोही ‘गौतमले पाठवून द्या’ असा. या म्हणून बोलावणं वेगळं आणि पाठवून द्या वेगळं, हे पद्मिनीबाईला कळत होतं. गौतमला कळत होतं की नाही, हे कुणी विचारलं नाही.

पद्मिनीबाई गेल्यावर तो थोरल्या भावाकडे, विनायककडे राहिला. म्हणजे खरं तर वहिनीकडे. विनायक उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात शिफ्टवर. गौतमची नखं कापायची, सदऱ्याची बटणं लावायची, कुणी चिडवलं तर गल्लीत उतरून भांडायचं, हे सगळं मंजिरीच करत आली. सत्तावीस वर्षांपूर्वी ती अमरावतीहून नवी नवरी होऊन आली, तेव्हा पहिल्या पंगतीत तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. मीठ वाढताना या दिराने वाकून हळूच सांगितलं होतं, “कमी वाटलं तं मले सांग.” त्या घरात तिच्याशी आपणहून बोललेलं ते पहिलं माणूस.

आणि त्याच मंजिरीने लेकीच्या बायोडाटात काकांचं नाव लिहिलं नाही.

तिला वाईट म्हणून मोकळं होता येत नाही. श्रावणीची दोन स्थळं आधी फिरली होती. दोन्हीकडून, घराण्यात कुणाला असं काही आहे का, हा प्रश्न आला होता, आणि खरं उत्तर दिल्यावर फोन थंडावले होते. तिसरं स्थळ नागपूरचं. अनिमेष श्रावणीला मनापासून आवडला होता, आणि यावेळी कुणी काही विचारलं नाही, तेव्हा मंजिरीनेही सांगितलं नाही. साक्षगंध रायपूरला, घरीच करायचं ठरलं. मुलाच्या आजीची एकच हौस होती: जेवण टेबलावर नको, पंगत हवी.

आदल्या दिवशी मंजिरीने गौतमला समजावलं, उद्या पाहुणे येतील, ते जाईपर्यंत तुम्ही वरच्या खोलीत बसा. तो “हव” म्हणाला. श्रावणी दारात उभी होती. “काका नीचे नहीं आएँगे?” तिने विचारलं, आणि आईचा चेहरा पाहून आत निघून गेली. विनायकने पेपर जरा वर केला.

साक्षगंध छान झालं. अंगठ्या झाल्या, पेढे झाले, बावीस पानं मांडली गेली. वरणभात, पुऱ्या, वांग्याची भाजी, कोशिंबीर सगळं वाढून झालं. विनायकने सावकाश होऊ द्या म्हटलं, आणि मुलाच्या आजीने पानावर नेलेला हात तसाच थांबवला.

“मीठ राह्यलं वाटते, बाई,” ती म्हणाली.

या घरात मीठ वाढायचं दुसऱ्या कुणाच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मंजिरी स्वयंपाकघरात धावली. मिठाचा डबा स्वयंपाकात रिकामा झाला होता आणि फळीवर वाटी नव्हती. ती कुठे असेल हे तिला त्याच क्षणी कळलं. ती जिना चढली.

गौतम खाटेच्या कडेला बसला होता. धुतलेला सदरा, पायजमा दुमडलेला. मांडीवर वाटी, काठोकाठ भरलेली, आणि वरून रुमाल झाकलेला. सकाळपासून तो असाच तयार होऊन बसला होता.

“भाऊजी, वाटी द्या,” मंजिरी म्हणाली.

त्याने लगेच दिली. हट्ट नाही, रुसवा नाही. उलट तिला नीट जमेल की नाही याचीच त्याला काळजी.

“पयले म्हातारीले वाढजो,” त्याने सांगितलं. “पानाच्या मधात. आन् दादाले नको देऊ, त्याले बीपी हाय.”

वाटी घेऊन मंजिरी वळली, दोन पायऱ्या उतरली आणि तिथेच थांबली. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की खाली जाववेना. स्थळ मोडेल ही भीती तशीच होती, तसूभरही कमी झाली नव्हती. तरी ती परत वर गेली, वाटी त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, “तुम्हीच चला.”

तो पंगतीत शिरला. मंजिरी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

“हे माझे दीर, गौतम. बायोडाटात यांचं नाव मी लिहिलं नाही. आज वरही मीच बसवून ठेवलं होतं. चूक माझी आहे, पोरीची नाही.”

मुलाच्या काकांनी घसा खाकरला आणि विनायकला विचारलं, हे असं कधीपासून?

उत्तर गौतमनेच दिलं. “मी पयलेपासूनच असा हाय,” तो म्हणाला आणि आजीच्या पानाशी वाकला. मधोमध, एक लहान चमचा. आजीने पानाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि पहिला घास घेतला. मग पंगत जेवायला लागली. मुलाची आई मात्र शेवटपर्यंत फारसं बोलली नाही. लग्न मोडलं नाही, पण हे मंजिरीला आठ दिवसांनी कळलं, आणि ते आठ दिवस तिने कसे काढले ते तिचं तिला माहीत.

त्या दिवशी गौतमने एकवीस पानं वाढली. विनायकच्या पानापाशी मान हलवून पुढे गेला. मग वाटीवर रुमाल झाकून वहिनीसमोर येऊन उभा राहिला.

“झालं. आता वर जाऊ?”

मंजिरीने नाही अशी मान हलवली. तिने श्रावणीशेजारी जागा केली, तेविसावं पान मांडलं, त्याला खांदे धरून बसवलं आणि वाटी त्याच्या हातातून घेतली. इतकी वर्षं तो सगळ्यांत शेवटी, स्वतःचं स्वतः मीठ घेऊन जेवत आला होता. तिने रुमाल काढला आणि त्याच्या पानावर एक चमचा मीठ वाढलं. ते जरा बाजूला पडलं.

गौतमने ते बोटाने हळूच सरकवून मधोमध आणलं, आणि जेवायला लागला.