अक्कांचा थरथरता हात

त्या दिवशी सकाळी पुतण्याचा फोन आला. "काकू, आई गेली..." एवढंच म्हणाला. धाराशिवहून सास्तूरला पोचेपर्यंत मला रडू आलं नाही, नुसती भीती वाटत राहिली. शांताक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. लग्न होऊन आले तेव्हापासून काही भयंकर समोर आलं की मी त्यांच्या पाठीमागं उभी राहायची. आता पुढं कोण उभं राहणार, हेच डोक्यात.

अक्कांच्या अंगणात गावरान कोंबड्या असायच्या. त्यातला एक तांबडा कोंबडा त्यांनी पिल्लू असताना चुलीजवळ उबेला ठेवून जगवलेला. मोठा झाल्यावर तो बिघडला. कोंबड्यांच्या पाठी सोलून काढायचा, माणसांच्या अंगावर यायचा. एका दुपारी तो माझ्या गौरीच्या तोंडावर झेपावला. पोर तेव्हा नीट बोलतही नव्हती. त्याच्या पायाचा काटा तिच्या डोळ्याखाली रुतला. डोळा वाचला, पण त्यानंतर अंगणात नुसती फडफड झाली तरी माझ्या छातीत धस्स व्हायचं.

भाऊजी, अक्कांचे मालक, म्हणाले, बाजारात विकून टाकू. अक्का ताडकन म्हणाल्या, "आन् तिथं दुसऱ्याच्या लेकराचा डोळा फोडला म्हंजी? माझा हाय, मीच बघती."

आदल्या संध्याकाळी त्याला दाणा दिला नाही, फक्त पाणी. पहाटे तो गुंगीत असतानाच खुराड्यातून अलगद काढला, पंख अंगाशी दाबून, डोक्यावर फडकं टाकून गोठ्यामागं नेला. बाकीच्या कोंबड्यांना दिसू नये म्हणून. "सुनीता, धर त्याला. घट्ट धर, पन आवळू नगं." फडक्याखाली त्याचं काळीज धडधडत होतं... की माझंच, कळेना. तेवढ्यात अक्कांच्या सुरीकडं नजर गेली. हात थरथरत होता.

"अक्का, तुम्हालाबी भ्या वाटतंय?"

"लई. दर बारीला वाटतंय. गप ऱ्हा, त्याला ऐकू येतंय."

मग त्यांनी दम घेतला, हात स्थिर झाला. एकच घाव. त्याची तडफड पुरती थांबेपर्यंत त्यांनी त्याला सोडलं नाही. दुपारी रस्सा त्यांनीच केला, सगळ्यांना वाढला. स्वतः चटणी-भाकर खाल्ली.

परवा, अक्कांचं तेरावं झाल्यावर, मुंगसानं एका कोंबडीचं पोट फाडलं. ती चोच उघडून धापा टाकत पडलेली. पुतण्यानं तोंड फिरवलं. भाऊजी म्हणाले, "मरंल आपसूक." ती मरत नव्हती... मी आत जाऊन सुरी आणली. धरायला कुणी आलं नाही. एकटीनंच तिला गोठ्यामागं नेलं. आपला घाव चुकला तर हिचं काय होईल या विचारानं डोळ्यांपुढं अंधारी येत होती. हात स्थिर होईपर्यंत थांबले. घाव चुकला नाही. नंतर न्हाणीत जाऊन ओकले.

अजून मी सास्तूरलाच आहे. संध्याकाळी उरलेल्या कोंबड्या खुराड्यात घालते. दाराला कडी नाही. अक्कांनी जुन्या लुगड्याची हिरवी चिंधी बांधलेली आहे, तिची गाठ मला अजून त्यांच्यासारखी जमत नाही. ते मुंगूस तिकडं बांधालाच कुठंतरी असणार. आत कोंबड्या एकमेकींना खेटून बसतात, हळूहळू गप होतात. मी गाठ ओढून बघते, घरात जाते... आणि पुन्हा येऊन ओढून बघते.